जुनी, स्वस्त सायकल दुरुस्त करावी की सोडून द्यावी? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून माझी नोकरी झाली. रविवारची सकाळ मात्र कित्येक वर्षं पंचवटीतल्या घराच्या ओट्यावर सायकलींसोबत जाते. कुणी भाचीच्या शाळेसाठी, कुणी कामावर जायला म्हणून जुनी सायकल घेऊन येतं. कुणी मोबाइलवर फोटो पाठवून विचारतं, "काका, एवढ्याला मिळतेय, घेऊ का?" तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. दीड हजारात जुनी सायकल मिळतेय. स्वस्तच आहे ना?

ते एवढ्यावरून सांगता येत नाही. दीड हजारात सायकल फक्त तुमच्या दारात येते. रस्त्यावर निर्धास्त चालवायला आणखी किती लागतील ते मोजल्याशिवाय भाव ठरवू नका. समजा दोन टायर, दोन ट्यूब, चेन, ब्रेकची रबरं आणि ओव्हरहॉलिंगची (प्रश्न १२) मजुरी मिळून अठराशे झाले. म्हणजे सायकल तेहतीसशेला पडली. तसलीच नवी सहा हजारांना मिळत असेल तर हा सौदा काठावरचा आहे. विकणाऱ्याने चार-पाचशे कमी केले की जमला.

मी असं धरतो: खरेदी आणि दुरुस्ती मिळून नव्याच्या निम्म्यात बसत असेल तर घ्यावी. निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत जात असेल तर सायकल कोणती आहे ते बघावं (प्रश्न ८ आणि ९). त्याच्याही पुढे गेली तर नवीच घ्यावी. यात एक अट आहे: फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) आणि दोन्ही चाकं धड हवीत. बाकी सगळं बदलता येतं.

२. बघायला गेल्यावर नेमकं काय तपासू? मला त्यातलं काही कळत नाही.

दहा मिनिटं पुरतात. सोबत एक जुनं फडकं न्या आणि आधी फ्रेम पुसून घ्या. धुळीखाली काय आहे हे पुष्कळदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पहिली जागा म्हणजे हँडलची नळी (हँडल जिच्यात बसतं ती फ्रेमची पुढची उभी नळी) आणि खालची तिरकी नळी यांचा सांधा. सांध्यापासून दोन-तीन बोटं मागे, तिरक्या नळीच्या पोटाखालून अंगठा फिरवा. तिथे रंगाला बारीक सुरकुती लागली, किंचित फुगवटा जाणवला किंवा केसासारखी रेघ दिसली, तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. मग पुढचं काही बघू नका, भावही विचारू नका.

नंतर बाजूला उभं राहून चिमटा बघा. चिमट्याचा वरचा भाग हँडलच्या नळीच्या सरळ रेषेत खाली यायला हवा. बाक असतो तो खालच्या टोकाला आणि पुढच्या बाजूला. चिमटा वरूनच मागे दबलेला असेल तर त्यानेही धडक खाल्लेली आहे.

आता एकेक चाक उचलून फिरवा आणि नजर ब्रेकच्या रबरावर ठेवा. रिम रबराच्या जवळ जाते, लांब जाते, असं होत असेल तर चाक आउट आहे (प्रश्न ६). मग चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट वाजलं तर कोन (एक्सलवरचे, छर्रे धरून ठेवणारे नट) ढिले आहेत, हे काम स्वस्तातलं. फिरवताना आतून खरखर येत असेल तर छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) किंवा ते ज्यात फिरतात ते कप खाल्ले गेलेत, त्याला थोडा जास्त खर्च येतो. क्रँक (पॅडल लावलेला दांडा) हाताने आत-बाहेर ढकलून बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे करा आणि हँडलच्या कपात खेळ आहे का तेही बघा.

सीटचा पाइप वर-खाली करून बघायला बहुतेक जण विसरतात. वर्षानुवर्षं न हललेला पाइप गंजून नळीत घट्ट बसतो. सायकल उत्तम, पण सीट तुमच्या उंचीला येत नाही, अशी पंचाईत होते. तो आणखी एक बोटभर खाली जायला हवा म्हणून मी एकदा चार आठवडे रोज तेल सोडत बसलो होतो.

शेवटी सायकल चालवा. चढावर उभं राहून पॅडल मारा. चेन उडाली किंवा पॅडल दर फेरीला एकाच जागी "टक्" करत असेल तर प्रश्न ७ पाहा.

३. सायकलला नुकताच रंग मारलाय, अगदी नव्यासारखी दिसते. चांगलंच ना?

मी उलट जास्त बारकाईने बघतो. जुन्या रंगावर सायकलचा सगळा इतिहास दिसतो, ताज्या रंगाखाली तो झाकला जातो. भाच्यासाठी मी स्वतः एका दुकानातून निळी, चकचकीत सायकल घेतली होती. रंग एवढा सुरेख की अंगठा फिरवायचं राहूनच गेलं. दोन महिन्यांनी तिरक्या नळीखालचा रंग उकलला आणि आत वेल्डिंगचा ओबडधोबड पट्टा दिसला. भाचा तोपर्यंत रोज तीवरून मेरी भागातल्या उतारावरून यायचा. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. फ्रेमला रंग नवा आणि रिम, चेन, नटबोल्ट गंजलेले असतील तर रंग कशासाठी मारला, हे विकणाऱ्याला सरळ विचारा.

४. फ्रेमला गंज आहे. किती गंज चालतो?

पोलादी फ्रेमवरचा तांबूस, पावडरसारखा गंज चालतो. पॉलिश पेपरने घासून खाली चकचकीत लोखंड निघालं की प्रायमर आणि रंग मारायचा. घासल्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर पत्रा आतून पातळ झालाय. पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकत जा. धड नळी खणखणीत वाजते, खंगलेली बद्द वाजते.

गंज कुठे आहे हेही महत्त्वाचं. मडगार्ड, करिअर, स्टँड, चेनकव्हर गंजलं असेल तर त्याचं एवढं मनावर घेऊ नका. क्रँकच्या खालचा भाग, मागच्या चाकाच्या एक्सलच्या खाचा आणि सीटच्या नळीचं तोंड इथे खड्ड्यांचा गंज असेल तर सायकल सोडा. पाणी नळीतून उतरून क्रँकपाशीच साठतं. म्हणून सीट काढून नळीत मोबाइलचा टॉर्च मारून बघा. सायकल त्र्यंबक-इगतपुरीकडून आली असेल तर हे नक्कीच करा, तिकडचा पाऊस आपल्या शहरापेक्षा कितीतरी जास्त.

५. हँडल सैल धरलं की सायकल एका बाजूला ओढते. फ्रेम वाकडी आहे का?

आधी साधी कारणं बघा. मागचं चाक खाचेत तिरकं बसलं असेल तरी सायकल ओढते. नट ढिले करून चाक मधोमध घ्या आणि पुन्हा चालवून बघा.

तरीही ओढत असेल तर सुतळी घ्या. मागच्या एका बाजूच्या खाचेला बांधून हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर पट्टीने मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. बोटभर फरक असेल तर फ्रेम वाकली आहे. पोलादी फ्रेम जाणकार कारागीर सरळ करतो, पण हजार-दीड हजारांच्या सायकलसाठी तो खटाटोप मी करायला सांगणार नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम सरळ करायला जाऊच नये, ती तिथेच तडकते.

६. चाक आउट आहे. रिम बदलावी लागेल का?

बहुतेक वेळा नाही. स्पोक चावीने एका बाजूचे स्पोक आवळून दुसऱ्या बाजूचे ढिले करत आउट काढता येतो. जवळच्या जोड्या बोटांनी दाबत सगळ्या चाकाचे स्पोक तपासा. सगळ्यांचा ताण सारखा आणि तरी रिम लचकलेली, म्हणजे खड्ड्याने रिमच वाकवली. ती बदलावी लागेल. निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) गंजून स्पोकला चिकटले असतील तर चावी लावताच गोल होतात किंवा स्पोक तुटतो. अशा वेळी चाक नव्याने विणणंच बरं.

विणायचं ठरलं तर स्पोक मोजून घ्या. काळ्या साध्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून तसं केलेलं आहे. ३६ भोकांची रिम आणून ४० च्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसवता येत नाही. हे दुकानात जाऊन परत आलेल्यांनीच मला सांगितलंय.

७. चेन बदलली तरी उडते. दुकानदार म्हणतो फ्रीव्हीलही बदला. खरं आहे का?

बहुधा खरं आहे. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरची, चेन जिच्यावर चालते ती दातेरी चकती. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. स्टीलच्या पट्टीवर एका पिनेच्या मध्यापासून मोजा. १२ इंचांवर एक सोळांश इंच वाढली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश वाढेपर्यंत चालवली असेल तर तिने फ्रीव्हीलचे दातही झिजवलेत. झिजलेला दात शार्कच्या पंखासारखा एकीकडे कललेला दिसतो. अशा दातांवर नवी चेन बसत नाही, उडते. म्हणून जुनी सायकल घेताना चेन आणि फ्रीव्हील यांचा खर्च एकत्रच धरा.

दर फेरीला एकदाच येणारा "टक्" आवाज वेगळा. तो बहुतेक कॉटर पिन (क्रँकला एक्सलवर पक्कं धरणारी खीळ) झिजल्याचा असतो. पिन स्वस्त असते, पण काढताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेका द्यावा लागतो. टेका न देता हातोडा मारला की सगळा घाव छर्ऱ्यांवर आणि कपांवर जातो, आणि थोडक्यातलं काम वाढतं. शिवाय डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने पाना लावून जोर केलात तर ते सुटण्याऐवजी आणखी घट्ट होईल.

८. आजोबांची काळी, दांडीवाली सायकल आहे. आता तिचे पार्ट मिळतात का?

मिळतात, आणि सगळ्यांत सहज तिचेच मिळतात. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. तेव्हापासून काहींना वाटतं की आता ती सायकल भंगार झाली. तसं नाही. ॲटलस, हिरो, हर्क्युलस, ॲव्हॉन यांच्या काळ्या सायकली एकाच जुन्या इंग्रजी नमुन्यावर बेतलेल्या आहेत. टायर, कोन, कॉटर पिन, फ्रीव्हील, ब्रेकच्या सळया बहुतांशी एकमेकींना चालतात आणि लुधियानाहून आजही येतात. रविवार कारंज्याच्या आसपासच्या गल्ल्यांत जुन्या दुकानदाराला नुसता सुटा पार्ट दाखवलात तरी तो नेमका जोडीदार काढून देतो.

नोटप्रेसला आणि सातपूरला पाळीला जाणाऱ्यांची एक पिढी याच सायकलींवर गेली. पुढच्या दांडीवर मूल, मागे करिअरला डबा, असं ओझं या फ्रेमने पन्नास वर्षं पेललंय. म्हणून निम्म्याचा नियम (प्रश्न १) मी हिच्यासाठी सैल करतो. फ्रेम धड असेल तर दोन तृतीयांशापर्यंत खुशाल खर्च करा, ती पुढची वीस वर्षं चालेल.

९. तेवढ्याच पैशात गिअर आणि पुढे-मागे शॉकअप असलेली मिळतेय. ती जास्त चांगली ना?

जुनी आणि स्वस्त असेल तर नको. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. आपल्याकडच्या पोरांना लांब पल्ल्याचं वेड लागलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या वेडापायी घेतल्या जातात त्या पुष्कळशा गिअरच्या सायकली स्वस्त, जड आणि दुरुस्तीला अवघड असतात. स्वस्तातले शॉकअप गंजून अडकतात किंवा ढिले होतात, आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. गिअरचा मागचा हात वाकलेला असेल तर चेन स्पोकमध्ये जाऊन चाकच बंद पडतं. केबल, शिफ्टर, मागचा हात, चेन, फ्रीव्हील असा खर्च मांडला की रक्कम सायकलपेक्षा मोठी होते.

शॉकअप नसलेली, साधा ताठ चिमटा असलेली गिअरची सायकल मात्र जरूर बघा. गिअर नीट पडत नसतील तर पुष्कळदा एक केबल आणि तिचं कव्हर बदलून काम भागतं.

१०. टायरवर २६ लिहिलंय, मी २६ चाच आणला, तरी बसत नाही. का?

कारण २६ च्या पुढचा आकडाही जुळायला हवा. २६ × १⅜ आणि २६ × १.९५ यांच्या रिमच वेगळ्या मापाच्या आहेत. पहिली ५९० मिलिमीटरची, दुसरी ५५९ ची. अपूर्णांकात लिहिलेलं माप आणि दशांशात लिहिलेलं माप एकमेकांच्या जागी चालत नाही. काळ्या सायकलीचा २८ × १½ टायर ६३५ च्या रिमवर बसतो. हल्लीच्या हायब्रिड सायकलींवरही २८ लिहिलेलं असतं, पण त्यांची रिम ६२२ ची. जुन्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत '३७-५९०' असं काहीतरी असतं. त्यातला शेवटचा तीन आकडी अंक लिहून न्या, चूक होणार नाही.

११. तीन वर्षं गॅलरीत उभी होती, टायरवर अजून काटेही झिजले नाहीत. तशीच चालवू?

टायर वाकवून बघा. कडेला बारीक भेगांचं जाळं दिसलं तर रबर उन्हाने वाळलंय, काटे कितीही उठून दिसोत. हवा न भरता उभी असेल तर जमिनीला टेकलेल्या जागी टायरची घडी पडते आणि ती तिथेच फुटते. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमधली छोटी रबरी नळी हमखास सुकलेली असते. अगोदर ती बदला. "ट्यूब पंक्चर आहे" म्हणून आणलेल्या कित्येक सायकलींना तेवढंच पुरलंय. ग्रीसही वाळून मेणासारखं झालेलं असतं, म्हणून चालवण्याआधी ओव्हरहॉलिंग करा.

१२. ओव्हरहॉलिंग सांगितलं तर दुकानदाराकडून नेमकं काय करून घ्यायचं?

दोन्ही चाकांचे हब, हँडलचे कप आणि क्रँकचा एक्सल, या चार जागा उघडून, डिझेलने धुऊन, छर्रे बदलून नवं ग्रीस भरणं. नुसतं बाहेरून तेल सोडून, फडकं मारून दिलेली सायकल म्हणजे ओव्हरहॉलिंग नाही. काम सांगताना "जुने छर्रे मला परत द्या" एवढं म्हणा. जमलं तर शेजारी बसून बघा. चांगला मेकॅनिक त्याने नाराज होत नाही, उलट कोनवर पडलेली खाच बोटाने दाखवतो.

१३. जुने सळईचे ब्रेक आहेत. पावसाळ्यात भरवसा ठेवता येईल का?

सपाट रस्त्यावर ठेवता येईल. पोलादी, क्रोम केलेली रिम ओली झाली की रबर तिच्यावरून घसरतं आणि सायकल थांबायला कोरड्यापेक्षा खूप लांब जाते. हा दोष रिमचा आहे, नवी रबरं घालून थोडाच फरक पडतो. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं. सराफ बाजाराकडून गोदाकाठी उतरताना पावसात आधीपासून हलका ब्रेक धरून रिम पुसली जाऊ द्या, मग जोर द्या. कसारा घाटासारख्या उतारावर ही सायकल नेऊ नका. केबलचे ब्रेक असलेल्या सायकलीला ॲल्युमिनियमची रिम घातली तर पावसातला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

१४. फ्रेम तडकलीये. वेल्डिंग करून घेऊ?

करिअरचा किंवा स्टँडचा कान तुटला असेल तर खुशाल करा. हँडलजवळचा सांधा, चिमटा किंवा क्रँकजवळची नळी तडकली असेल तर नको. या नळ्या पातळ असतात. गेट-खिडक्या जोडणाऱ्याने वेल्डिंग केलं की जोडाच्या बाजूचा पत्रा कमकुवत होतो आणि पुढचा तडा तिथून जातो. चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो. चिमटा नवा मिळतो, तो बदला.

१५. सायकल चोरीची नाही हे कसं ओळखायचं?

बिल असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर फ्रेम नंबर बघा. तो बहुधा क्रँकच्या खाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. तो घासलेला असेल तर सायकल हातात धरू नका. चोरीची आहे हे माहीत असून घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो. विकणाऱ्याच्या घरी जाऊन सायकल बघा, साध्या कागदावर नंबर, रक्कम, तारीख लिहून त्याची सही घ्या. सच्चा माणूस याला नाही म्हणत नाही.

१६. दोन मोडक्या सायकली आहेत. त्यातून एक होईल का?

दोन्ही एकाच जातीच्या असतील तर हा सगळ्यांत फायद्याचा मार्ग आहे. काळ्या सायकलींबाबत तर हमखास. वेगळ्या मापाच्या असतील तर आधी टायरचे आकडे (प्रश्न १०) आणि स्पोकची संख्या (प्रश्न ६) जुळवा. जिची फ्रेम जास्त चांगली ती ठेवायची, चाकं चांगली असतील ती तिला लावायची.

१७. मुलीची उंची वाढेल म्हणून मोठी सायकल घेऊन ठेवू का?

नको. सीटवरून उतरून दांडीच्या वर उभं राहिलं तर दांडी आणि शरीर यात दोन-तीन बोटं जागा हवी. नसेल तर अचानक थांबताना पाय टेकत नाही. दांडी खाली असलेली लेडीज सायकल घेतली तर सीट वर करून दोन-तीन वर्षं निघतात.

१८. हिशोबाने तोट्यात जातेय, पण सायकल वडिलांची आहे. काय करू?

मग नव्याच्या निम्म्याचं गणित बाजूला ठेवा, पण फ्रेमची तपासणी ठेवा (प्रश्न २, ४ आणि १४). फ्रेम धड असेल तर करा, आणि एकदम सगळं करू नका. या महिन्यात टायर-ट्यूब आणि ब्रेक, पुढच्या महिन्यात ओव्हरहॉलिंग, मग चेन-फ्रीव्हील. रंग शेवटी, किंवा मारूच नका. गेल्या वर्षी नाशिकरोडहून एक ताई वडिलांची सायकल घेऊन आल्या होत्या. दांडीवर एका जागी रंग पार उडालेला, लोखंड गुळगुळीत झालेलं. त्या लहान असताना तिथे बसायच्या. सगळी सायकल घासून तेलपाणी केलं, तेवढी जागा तशीच ठेवली आणि गंजू नये म्हणून वर मेणाचा हात फिरवला. फ्रेम तडकलेली निघाली तर सायकल चालवू नका. घंटी, सीट, डायनामो काढून दुसऱ्या धड सायकलीला लावा.